तुम्ही विचारलंत म्हणून : सहा वर्षांच्या मुलीचा आकडा

हिवाळ्यात दर रविवारी सकाळी मी आणि माझी मुलगी तासभर खिडकीशी बसून बागेतले पक्षी मोजतो, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : सहा वर्षांच्या मुलीने मोजलेल्या आकड्यावर तुम्ही विश्वास कसा ठेवता? प्रश्न रास्त आहे, कारण पक्षी एका जागी थांबत नाहीत, आणि समोर बसलेली चिमणी मघाचीच की दुसरी, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

उत्तर मोजण्याच्या रीतीत आहे. आम्ही बेरीज करत नाही; तासाभरात एका जातीचे जास्तीत जास्त जितके पक्षी एकाच वेळी दिसतील, तेवढाच आकडा लिहितो. आधी तीन चिमण्या दिसल्या, मग पाच, मग पुन्हा दोन, तर वहीत दहा नव्हे, पाच. वरून नुसता उडत गेलेला पक्षीही धरायचा नाही. ब्रिटनमधल्या आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेची जानेवारीतली बागेतल्या पक्ष्यांची गणना याच नियमांनी चालते, आणि १९७९ साली ती सुरू झाली तीच मुळी मुलांसाठी. या रीतीने आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याच खिडकीतून, तितकाच वेळ आणि त्याच नियमाने मोजत राहिले, तर या हिवाळ्याची मागच्या हिवाळ्याशी तुलना करता येते, आणि मला त्या आकड्यांकडून तेवढेच हवे असते.

नियमावरून आमचा एकदा वाद झाला. आधी काळ्या गळ्याचा चिमणा येऊन गेला आणि बऱ्याच वेळाने फिकट तपकिरी चिमणी एकटीच आली. हे दोघे वेगळे आहेत हे दिसत असताना एकच का लिहायचा, असे मुलीचे म्हणणे होते, आणि तिचे निरीक्षण बिनचूक होते. शेवटी रकान्यात १ लिहिले आणि समासात तिच्याच अक्षरात ‘नर आणि मादी, वेगवेगळ्या वेळी’ अशी नोंद झाली. नियम मध्येच बदलला असता तर मागचे आकडे वाया गेले असते, आणि तिने पाहिलेले वहीत आलेच नसते तर तिने का पाहावे?

ओळख पटवायला लहान मुलांना रंगापेक्षा हालचाल जवळची वाटते, असा माझा अनुभव आहे. हिवाळी पाहुणा थिरथिरा शेपूट सारखी थरथरवतो, तर धोबी ती वरखाली हलवतो. हा फरक मुलीने हाताने नक्कल करत एका सकाळी आत्मसात केला. न ओळखता आलेल्या पक्ष्यापुढे ती ‘अनोळखी’ लिहून चित्र काढते. अंदाजाने नाव लिहायचे नाही, हे मात्र मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

एका रविवारी दाट धुके होते आणि तासभरात एकही पक्षी उतरला नाही. ‘‘पान कोरंच ठेवू का?’’ तिने विचारले. कोरे पान म्हणजे आपण बसलोच नाही, आणि शून्य म्हणजे आपण बसलो पण कोणी आले नाही, असे मी सांगितले. तिने वर तारीख घातली आणि प्रत्येक नावापुढे सावकाश एकेक शून्य काढले.