होल्यांची जोडी, बाजरी आणि मऊ अंडं - माझा अनुभव

आमच्याकडे पांढऱ्या होल्यांची (कबुतराच्या कुळातल्याच लहान पक्ष्यांची) जोडी आली ती विकत घेऊन नाही, दीरांचे एक मित्र कॅनडाला गेले आणि जाताना पिंजरा, बाजरीची पिशवी आणि "वहिनी, फक्त दाणा टाकायचा, बाकी काही नाही" एवढं ज्ञान आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी सोडून गेले. त्यातला पिंजरा तेवढा उपयोगी पडला.

आधी एक सांगते, कारण होले घरी पाळता येतात का, हे सगळे विचारतात. गच्चीवर येऊन घुमतात ते ठिपकेवाले होले वेगळे, ते रानातले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, घरात ठेवता येत नाहीत. हे पांढरे म्हणजे पिढ्यान्पिढ्या माणसात वाढलेली पाळीव जात, बाहेर सोडलं तर घारी आणि मांजरं यांची वाटच बघत असतात.

तर बाजरी. होला पोपटासारखा दाणा सोलून खात नाही, सालासकट अख्खा गिळतो, मग दळायचं काम पोटात होतं आणि त्याला बारीक खडे लागतात, म्हणजे ग्रिट. ते पिंजऱ्यात नव्हतंच. मी ज्वारी, राळं, गहू, मूग, मसूर आणि थोडी करडई असं मिश्रण सुरू केलं (दुकानदार म्हणाला, "बेन, चबुतरा माटे?", म्हणजे पाखरांना दाणे टाकायच्या चबुतऱ्यासाठी का, मी म्हटलं नाही हो, घरचेच आहेत). नराने पहिल्या दिवशी फक्त करडई वेचली आणि बाकीचं चोचीने उडवून फरशीभर केलं. करडईत तेल फार, त्यांना ती आपल्या शेंगदाण्यासारखी, म्हणून वाटी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुढचा दाणा नाही हा नियम केला. आणि पाण्याचं भांडं उथळ नको, कारण होले चोच आत बुडवून ओढून पाणी पितात, कोंबडीसारखी मान वर करत नाहीत.

खरी भानगड अंड्यांची. मादीने पहिलं अंडं घातलं ते इतकं मऊ की बसल्याबसल्या फुटलं आणि ती पिसं फुगवून कोपऱ्यात, खाणं बंद. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला काय खायला घालता, आणि आधी नुसती बाजरी होती हे ऐकल्यावर मान हलवली. अंड्याचं कवच कॅल्शियमचं, खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडातलं काढते. पातळ औषध दिलं, ऊब द्यायला सांगितली, आणि ऊन. ऊन का, तर अंगात ड जीवनसत्त्व नसेल तर दिलेलं कॅल्शियम जिरतच नाही, आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही, उघड्या गॅलरीतलंच पाहिजे. मग सकाळी पिंजरा गॅलरीत, अर्ध्यावर सावलीला चादर टाकून, आणि आईंनी (सासूबाईंनी) काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन (माकळीच्या अंगातलं कॅल्शियमचं पांढरं हाड) आणायला लावलं. चोचीने ते त्यांच्याकडून खरवडलं जात नाही, मग कुटून दाण्यात घातलं, दाण्याला तेलाचा एक थेंब चोळला की पूड चिकटते.

नंतरची अंडी कडक आली. पहिलं संध्याकाळी, दुसरं साधारण ४० तासांनी, असंच असतं त्यांचं. दिवसा नर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी, आमच्या घरात एवढी वेळेवर ड्यूटी कोणी करत नाही. उठली की मात्र मादी तासन्‌तास धरून ठेवलेली शी एकदम टाकते, वास असा येतो की पहिल्यांदा मला वाटलं आजारीच पडली. पण नॉर्मल आहे ते.

पण नेमकं बसणं आलं उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत. बडोद्यातलं १४ आणि १५ जानेवारी म्हणजे गच्चीगच्चीवर डीजे, पिपाण्या, रात्री फटाके. होले अंधारात दचकले की पिंजऱ्यात आंधळे फडफडतात आणि अंडी गार पडतात, म्हणून पिंजरा आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, आणि रात्रभर छोटा दिवा चालू. मादी हलली नाही.

१४-१५ दिवसांत पिल्लं निघतात तशी निघाली. आई म्हणाल्या, "अगं, आता यांना भरवायचं काय?" म्हटलं काहीच नाही, दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखं घट्ट काहीतरी तयार होतं, बापाच्यासुद्धा. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. पिल्लू आपली चोच आईबापाच्या तोंडात घालून ओढतं, पहिले काही दिवस फक्त तेच, मग त्यात मऊ झालेले दाणे यायला लागतात.

दुसरं पिल्लू उशिरा निघालेलं, थोरलं दांडगं, धाकट्याचा गळा दर वेळी रिकामाच. वाडीत कबुतरं पाळणारे एक काका आहेत, त्यांनी सांगितलं सिरिंज-बिरिंज काढू नका, भरवायच्या वेळी थोरल्याला उचलून उबदार कपड्यात ठेवा, धाकट्याला आधी मिळू द्या, मग थोरल्याला परत ठेवा. तेच केलं, सकाळ-संध्याकाळ, आणि धाकट्याचा गळा भरायला लागला. थोरल्याचं काही बिघडलं नाही, तो वाट्याला आलेलं ओरबाडून घेतोच.

आता दोन्ही स्वतः दाणे टिपतात, नणंदेच्या मुलाने मागितलेत, त्याला पिंजऱ्याआधी ग्रिट आणायला सांगितलंय. इकडे जोडीने परत घरटं धरलं. मादीला थोडी विश्रांती पाहिजे, म्हणून या वेळी अंडी काढून प्लॅस्टिकची ठेवली. नुसती काढून घेतली तर ती लगेच नवीन घालते, खोट्यांवर मात्र दोघं आलटून पालटून बसतात आणि कंटाळले की आपणच सोडतात. मंगळ बाजारात मिळाली ती कोंबडीच्या मापाची, शेवटी ऑनलाइन मागवली.