आमची वाटचाल : बटणावरच्या चिकटपट्टीपासून पुढे

धंद्याच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका घरी आम्ही सहज डोकावलो होतो. तक्रार काहीच नव्हती, आम्ही बसवलेले मोबाइलवर चालणारे स्मार्ट दिवे नीट चालतायत ना एवढंच विचारायचं होतं. बैठकीच्या खोलीत शिरलो आणि नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली. आठपैकी पाच बटणांवर चिकटपट्टी लावलेली होती, आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं : हात लावू नये.

"हे कुणी केलं?" भागीदाराने विचारलं.

"आम्हीच," घरच्या ताई म्हणाल्या. "बटण बंद झालं की मोबाइलवरून दिवा लागत नाही ना. पाहुणे हमखास बंद करतात. त्यांना तरी कसं कळणार?"

त्या आम्हाला दोष देत नव्हत्या. उलट आपल्यालाच हे नीट वापरता येत नाही, असं त्यांना वाटत होतं. त्याचंच जास्त लागलं. बाहेर पडल्यावर भागीदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वीस वर्षं मी लोकांच्या भिंतीत बटणं बसवतोय. चालू बटण निकामी करून द्यायचे पैसे आज पहिल्यांदा घेतले."

आमच्या फर्मची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो. कागदोपत्री ती त्याआधीच झाली होती. मी नेटवर्कच्या कामातला माणूस, तो वायरमन. घरात बोलून चालणारे स्पीकर यायला लागले होते, आणि मला वाटलं, त्याला वायरिंग येतं, मला राउटर येतो, आणखी काय लागतं? पहिल्या वर्षात आम्ही काय केलं, तर जुने बल्ब काढून त्या होल्डरमध्ये वाय-फायचे बल्ब लावले, मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं आणि रंग बदलून दाखवले. जांभळा, हिरवा, पुन्हा पांढरा. लोक खूश व्हायचे. नव्याचे नऊ दिवस सरले की जांभळा रंग कुणी पुन्हा लावत नसे, आणि दिवा लावायला खिशातून मोबाइल काढणं हे हात पुढे करून बटण दाबण्यापेक्षा लांबचं काम आहे, हे सगळ्यांच्याच लक्षात यायचं. माझ्यासकट.

हा बल्बचा घोटाळा काय असतो, तेही सांगतो. स्मार्ट बल्ब 'बंद' असतो तेव्हा तो जागाच असतो, आज्ञा ऐकत बसलेला. त्यासाठी त्याला सतत वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो बहिरा. शिवाय जागं राहण्याचा खर्चही आहे : एका बल्बमागे अर्धा वॅट धरला तर चाळीस बल्बांचे वीस वॅट, म्हणजे एकही दिवा न लावता वर्षाला 175 युनिट. वीज वाचेल म्हणून बसवून घेणाऱ्यांना आम्ही हा हिशेब आता आधीच मांडून दाखवतो.

आणि रात्रीचे फोन! वीज गेली आणि पहाटे तीनला परत आली, की घरातले सगळे बल्ब एकदम पूर्ण उजेडात, पांढरेफटक. कारण बऱ्याच बल्बांची मूळ सेटिंग तशीच असते : वीज मिळाली की लागा. कारण सरळ आहे, नाहीतर बटण बंद-चालू करूनही दिवा लागला नसता. पण पाळण्यातलं मूल दचकून उठलेल्या आईला हे कारण सांगून बघा. मी सांगून बघितलं. वीज परतल्यावर बल्बने 'आधी होता तसाच' राहावं, ही सेटिंग अनेक बल्बांत असते. आम्ही ती शोधलीच नव्हती. त्या आठवड्यात आम्ही आधीच्या प्रत्येक घरी जाऊन ती बदलून आलो. फुकट, अर्थातच.

चिकटपट्टीनंतर बल्बचा नाद सोडला. साधा एलईडी दिवा, साधं बटण, आणि बटणाच्या मागे डबीत बसणारं छोटं रिले मॉड्यूल, म्हणजे इशाऱ्यावर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असं ठरवलं. बटण दाबलं तरी दिवा लागतो, मोबाइलवरून लावला तरी लागतो. कागदावर छान. भिंत उघडली की खरी गंमत. मॉड्यूलला स्वतःला चालायला फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही लागतात, आणि जुन्या वायरिंगमध्ये बटणाच्या डबीत न्यूट्रल आणलेलाच नसतो. तो थेट दिव्याकडे गेलेला असतो. इथे घोडं पेंड खायचं. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती आपल्यापुरता थोडासा करंट दिव्यातूनच ओढतात. जुन्या तारेच्या बल्बला त्याचं काही वाटत नव्हतं. पाच वॅटचा एलईडी मात्र तेवढ्यावरही मंद मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. एका काकांनी फोनवर सांगितलं होतं, "अहो, दिवा बंद आहे, पण विझलेला नाही." इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही. उपाय म्हणून दिव्याला समांतर एक बायपास कपॅसिटर लावतात. आम्ही लावतोही, पण नवीन वायरिंग चालू असेल तर प्रत्येक डबीत न्यूट्रल ओढून घ्या, हेच आमचं पहिलं वाक्य असतं. पुढे काहीच स्मार्ट करायचं नसलं तरी.

दुसरा धडा रिलेने शिकवला. छताच्या खाचेत लांबलचक एलईडी पट्ट्या, त्यांना लागेल तशी वीज देणारे चार ड्रायव्हर, आणि सगळे एका रिलेवर. बेरीज केली तर भार रिलेच्या मर्यादेच्या पावही नव्हता. तरी दोन महिन्यांत रिले चिकटला. दिवे बंदच होईनात. ड्रायव्हरच्या तोंडाशी कपॅसिटर असतो, तो चालू होण्याच्या क्षणी रिकामा असतो आणि पहिल्या झटक्यात नेहमीच्या कितीतरी पट करंट गिळतो. त्या ठिणगीने रिलेचे संपर्क वितळून जुळतात. आता अशा ठिकाणी विजेची लाट शून्यातून जाताना जोडणी करणारा रिले घेतो, किंवा मध्ये मोठा भार पेलणारा स्विच, म्हणजे काँटॅक्टर, टाकतो. (शून्याचा हा क्षण धरून काम करणं नवीन नाही. 1975 मध्ये स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने काढलेली एक्स-10 ही पद्धत घरच्याच वायरिंगमधून संदेश पाठवायची, आणि तोही लाट शून्यापाशी आल्यावर. भागीदाराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपण पन्नास वर्षं उशिरा आलो.")

बिनतारी जोडणीवर फार लिहीत नाही, नाहीतर माझाच जुना धंदा सुरू होईल. घरगुती राउटरवर चाळीस-पन्नास उपकरणं लटकवली की तो दमतो, म्हणून आम्ही झिगबी या वेगळ्या बिनतारी पद्धतीकडे वळलो. त्यात विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण पुढच्याचा निरोप पोचवतं, जाळं विणलं जातं. बटणामागची मॉड्यूल कायम जागी असल्यामुळे हे जाळं टिकतं. बल्बांच्या भरवशावर विणलेलं जाळं कुणी एक बटण बंद केलं की फाटतं. झिगबीही वाय-फायसारखं 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतं, त्यामुळे दोघांना वेगळ्या जागा द्याव्या लागतात. वाय-फाय चॅनेल 1 वर ठेवलं तर झिगबी चॅनेल 20 किंवा 25 वर. आणि हब, म्हणजे या सगळ्या उपकरणांना आज्ञा देणारी डबी, राउटरच्या डोक्यावर ठेवायचा नाही, मग कपाटात कितीही छान बसत असला तरी.

आता रुटीन, म्हणजे ठरल्या वेळी किंवा काही घडलं की घराने आपोआप करायची कामं. लोकांना वाटतं आमचं काम भिंतीत आहे. ते दोन-तीन दिवसांत संपतं. उरलेलं सगळं काम रुटीनचं, आणि तिथे आम्ही सगळ्यात जास्त चुकलो.

सुरुवातीला मी घर पाहिलं की डोक्यात यादी तयार. सकाळी सहाला हे, सातला ते, दार उघडलं की अमुक, सिनेमा लावला की तमुक. एका घरात मी 23 रुटीन लिहिली होती आणि मला त्याचा अभिमान होता. त्या घरची माणसं सहाला उठतच नव्हती. मी विचारलं होतं, आणि त्यांनीही सहाच सांगितलं होतं. आपण केव्हा उठतो हे विचारलं तर माणूस केव्हा उठायला हवं ते सांगतो. तेव्हापासून नियम केला : पहिले दोन आठवडे एकही रुटीन नाही. फक्त बटणांची नोंद ठेवायची, तीही घरच्यांना सांगून आणि त्यांच्याच हबवर. त्यातून घर आपोआप बोलतं. जिन्याचा दिवा रोज विसरला जातो. स्वयंपाकघरात रात्री कुणीतरी एकदा पाण्याला उठतं. बाकी ऐंशी टक्के बटणं कुठल्याच ठरावीक वेळी दाबली जात नाहीत, आणि त्यांना हात लावायचा नाही.

वेळेपेक्षा सूर्य बरा. 'संध्याकाळी साडेसहाला अंगणातला दिवा' हे रुटीन दोन महिन्यांत चुकीचं ठरतं, कारण सूर्यास्त सरकतो. विषुववृत्तापासून जितकं दूर तितका जास्त. सूर्यास्ताआधी किंवा नंतर अमुक मिनिटं, असं लिहिलं की वर्षभर बघावं लागत नाही.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने तर आमची अब्रूच काढली. नेहमीचा पीआयआर सेन्सर माणूस ओळखत नाही. समोरची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली तेवढंच त्याला कळतं. न्हाणीघरात माणूस शांत बसला की त्याच्या लेखी तिथे कुणी नाही. अंधारात बसून हात हलवावे लागले म्हणून एका आजोबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिलिमीटर लहरींचा रडार सेन्सर श्वासाची हालचालही पकडतो, पण तो पंखा, हलता पडदा, कधीकधी पातळ भिंतीपलीकडचा माणूसही पकडतो. म्हणून आता दिवा लावायला पीआयआर आणि लागलेला ठेवायला रडार, अशी जोडी लावतो. आणि बाहेर पडताना बटण दाबायची सवय असलेल्या घरात यातलं काहीच लावत नाही.

रात्रीचा दिवा किती मंद, यावरही भागीदाराशी वाद व्हायचा. तो पन्नास टक्के म्हणायचा. पण डोळा सरळ बेरजेने बघत नाही. मोजून 18 टक्क्यांवर आणलेला उजेड आपल्याला साधारण निम्मा वाटतो. रात्री दोनला डोळे अंधाराला सरावलेले असताना तर एक-दोन टक्केही पुरतात. 2700 केल्विनचा पिवळसर, जमिनीलगतचा, डोळ्यात न जाणारा. हा वाद मी जिंकला, बाकीचे बहुतेक तोच जिंकतो.

यातलाच एक त्याचा : माणसाने हाताने बटण दाबलं की त्या दिव्यावरचं रुटीन दोन तास गप्प बसणार. कुणी मुद्दाम दिवा बंद केला असेल तर त्याला काहीतरी कारण असेल. ते कारण हबला कळायची गरज नाही. हा एक नियम लावल्यापासून तक्रारीचे फोन निम्म्यावर आले. आणि प्रत्येक रुटीन एका मराठी वाक्यात लिहिता आलं पाहिजे : काय झालं की, कोणत्या अटीवर, काय होईल. त्या वाक्यांचा कागद आम्ही एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवतो. दोन ओळींत मावलं नाही तर ते रुटीन आम्ही करत नाही.

क्लाउडबद्दल, म्हणजे कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या सेवेबद्दल, आमचं मत जरा कडवट आहे. 2014 मध्ये नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने रिव्हॉल्व्ह ही हब बनवणारी कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये तिची सेवा बंद केली. लोकांच्या घरातले धडधाकट हब त्या दिवशी निकामी झाले. इंटरनेट गेल्यावर जिन्यातला दिवा लागत नसेल तर तो दिवा आपला नव्हे. आम्ही घरातल्या घरात चालणाऱ्या हबवरच काम करतो, बऱ्याचदा 2013 पासून वाढत आलेल्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरवर. ऑक्टोबर 2022 मध्ये मॅटर हे समाईक मानक आल्यापासून वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र नांदवणं सोपं झालंय. पूर्ण सोपं झालंय असं म्हणणाऱ्याने अजून एका घरात तीन कंपन्यांचे डिमर जोडलेले नसावेत.

एक कबुली द्यायची राहिली. सुरुवातीच्या काळात आम्ही सगळ्यांची खाती आमच्याच ईमेलवर उघडायचो. सोयीचं म्हणून. एका रात्री माझ्या मोबाइलवर चुकून बोट लागलं आणि कुणाच्यातरी शयनघरातला दिवा लागला. मी तो लगेच बंद केला, म्हणजे त्यांनी दोनदा पाहिलं असणार. त्या यादीत 17 घरं होती. दुसऱ्या दिवसापासून एकेका घरी जाऊन खाती त्यांच्या नावावर केली, पासवर्ड त्यांच्याकडून बदलून घेतले आणि आमचा प्रवेश काढला. तीन जणांनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस तुम्हाला दिसत होतं?" हो म्हणालो. त्यातल्या एकाने आमचं पुढचं काम काढून घेतलं, आणि ते बरोबरच होतं.

आज आम्ही पाच जण आहोत. दाराचं कुलूप आणि हीटर आपोआप चालवायची कामं आम्ही नाकारतो; दिवा चुकला तर हसता येतं. त्यामुळे काही मोठी कामं हातची गेली.

गेल्या महिन्यात त्या चिकटपट्टीच्या घरी सेन्सरचे सेल बदलायला गेलो होतो. बल्ब केव्हाच गेलेत, बटणं मोकळी आहेत. पाच रुटीन उरली होती. ताई म्हणाल्या, "ते रात्रीच्या पॅसेजचं काढून टाका आता. मुलगा लहान होता म्हणून होतं, तो आता अंधाराला घाबरत नाही." भागीदाराने पेटी उघडली, कागदावरची तिसरी ओळ पेनाने खोडली, आणि मी हबमधून ती पुसली.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. "राहू दे की," तो म्हणाला.

ताईंनी आमच्याकडे पाहिलं. भागीदाराने खोडलेली ओळ पुन्हा खाली नवी लिहून काढली.