तुम्ही विचारलंत म्हणून: बर्लिनचं घर

“मग, तिकडे राहायला कधी जाताय?” राम मारुती रोडवर भाजी घेताना, तलावपाळीला फेरी मारताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. आम्ही दोघांनी बर्लिनमध्ये घर घेतल्याचं ठाण्यात, आमच्या नौपाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण उत्तर पूर्ण ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही, म्हणून एकदाच लिहून काढते.

आम्ही जाणार नाही. जाऊ शकतच नाही. जर्मनीत परक्या देशाच्या माणसाला घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण घर घेतलं म्हणून राहायचा परवाना मिळत नाही. दुबईत ठरावीक किमतीचं घर घेतलं की व्हिसा मिळतो, तसं जर्मनीत नाही. स्वतःच्या घरात पाऊल टाकायला आम्हाला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा काढावा लागतो, आणि तो मिळाला तरी 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. हे घेण्याआधीच माहीत होतं. आम्हाला कुणी फसवलेलं नाही.

“मग घेतलंत कशाला?” या पुढच्या प्रश्नात “पैसा बाहेर नेलात” हे न बोलता बोललेलं असतं. तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर बाहेर पाठवता येतात, घरासाठीसुद्धा. आम्ही दोघांनी आपापल्या खात्यातून, पॅन देऊन, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून पाठवले. तेव्हा 7 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, भरावा लागला. रिटर्न भरल्यावर तो वळता झाला, पण मधले महिने तेवढी रक्कम अडकून पडली. ते घर दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून दाखवतो. जर्मनीत तर 2023 पासून रोखीनं घर घेताच येत नाही. घोडबंदरला फ्लॅट बघायला गेल्यावर “व्हाइट किती?” हे आधी विचारणारी माणसं मला काळ्या पैशाबद्दल ऐकवतात, तेव्हा संताप होतो.

कारण आमची लेक. ती नोकरीला बर्लिनला गेली आणि घर मिळेना. एका खोलीसाठी जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग, हातात पगाराच्या पावत्या आणि पत अहवाल. परक्या आडनावाला उत्तरही येत नसे. मग कुणाच्या तरी घरात चार महिने, कुणाकडे दोन. तिथे पत्त्याची सरकारी नोंद लागते, आणि असे घरमालक ती करू देत नाहीत. दारावरच्या पाटीवर नाव नसलं की पत्रही परत जातं. दर फोनला पत्ता नवा. त्या मुलीचं नाव एका पाटीवर लागावं, एवढंच मला हवं होतं. बर्लिनच्या मोआबिट भागात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, एका खोलीचं घर मिळालं. भाडेकरू असलेलं घर स्वस्त पडलं असतं, पण तिथे मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही. म्हणून रिकामंच घेतलं.

आता नोटरीच्या कचेरीतला तो दिवस. आपल्याकडे निबंधक कार्यालयात अंगठा, फोटो, सही झाली की इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, वाट बघायची. करारनामा कुणी वाचून दाखवत नाही. तिथे नोटरी अख्खा दस्त मोठ्यानं वाचतो, कायदाच तसा आहे. जर्मन येत नसेल तर दुभाषी हवा, आणि पोटची मुलगी दुभाषी म्हणून चालत नाही. ती बाजूला बसली होती. एक बाई प्रत्येक परिच्छेद इंग्रजीत सांगत होत्या. आमची नावं, पासपोर्टचे नंबर, नौपाड्यातला पत्ता, सगळं त्या परक्या उच्चारात वाचलं गेलं.

मग ते कलम आलं. घराची रक्कम भरायची चुकली तर खटल्याशिवाय आपल्या संपूर्ण मालमत्तेवर जप्ती आणायला खरेदीदार आजच संमती देत आहे. मसुदा यांनी ठाण्यात वाचला होता, समासात पेन्सिलीच्या खुणाही केल्या होत्या. पण माणसांसमोर ऐकताना यांचा चेहरा उतरला. “संपूर्ण म्हणजे? ठाण्याचं घरसुद्धा?” नोटरी थांबले. हे कलम सगळ्याच करारांत असतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. हे उठले आणि बाहेर गेले.

मी मागून गेले. हे म्हणाले, “गृहकर्जाचा एक हप्ता मी चुकवला नाही. असं आजवर कुणाला लिहून दिलं नाही. उद्या मला काही झालं तर हे लोक तुझ्या दाराशी येतील.” पैसे खात्यात आहेत, चुकतील कसे, हे मी सांगितलं. ते त्यांनाही माहीत होतं. शेवटी मी म्हणाले, “अजून एक हिवाळा ती पोर बॅग घेऊन फिरणार असेल, तर तुम्ही करू नका सही.” असं म्हटल्यावर बापानं काय करायचं? आत येऊन यांनी ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, आणि सही केली. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणी नीट जेवलं नाही. आग्रह माझा होता, तो मी नाकारत नाही. आजही तोच करीन.

पूर्वीची मी मात्र माझ्याशी भांडते. भाच्यानं दुबईत घर घेतलं तेव्हा “जिथे मत देता येत नाही तिथे वीट कशाला घ्यायची?” असं मीच त्याला विचारलं होतं. त्या बाईला आजही माझ्याकडे पुरं उत्तर नाही. पोरीला निवारा हवा होता एवढंच मी म्हणते. भाडं भरायला मदत केली असतीस तर नसता मिळाला? असं ती विचारते. नसता मिळाला, असं मला वाटतं. खात्रीनं कसं सांगू?

आणि खरं तेही सांगते: लेकीला आता हॅम्बुर्गला नोकरी लागली आहे. मोआबिटच्या पाटीवर भाडेकरूचं नाव आहे. हे म्हणतात, विकून टाकू. दहा वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर तिथे कर बसतो, एवढं कारण मी पुढे करते. पण मला विकायचंच नाही. ती परत बर्लिनला आली तर? यावर हे काही बोलत नाहीत. दर मार्चमध्ये तिथल्या देखभालीचा हिशेब येतो, तेव्हा हा वाद नव्यानं होतो, आणि यंदाही झाला.