नऊ वाजेपर्यंतची थंडी

गोव्यात थंडी पडते, यावर गोव्याबाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. जानेवारीत पणजीचा पारा पहाटे २० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ३२ वर जाऊन बसतो. नाशिकचा पाहुणा हे आकडे ऐकून हसतो. हसू दे बापडा. आमच्याकडे तेवढ्यासाठी कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या माकडटोप्या निघतात आणि त्या पोरांच्या डोक्यावर चढवायचा पहिला मान आजीचा असतो. "वारें लागतलें रे बाबू, कान धांप." बाबूच्या पायांत चपला नसतात, पण त्याबद्दल आजीचं काही म्हणणं नसतं. तिच्या शास्त्रात थंडी फक्त कानांतून शिरते.

सत्तरी-सांग्याकडची गोष्ट वेगळी. घाटाच्या पायथ्याच्या या गावांत आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते, सकाळी म्हादईच्या खोऱ्यात धुकं साचून राहतं आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरलं तर पोफळींवरून दंव पावसासारखं ठिबकत असतं. तिथली थंडी जरा अंगाला बोलते. तरी तीही नऊ-साडेनऊपर्यंतच. त्यातून जानेवारीत सूर्य उगवायलाच सात वाजून जातात आणि शाळेची घंटा आठच्या आत होते. म्हणजे वर्षातली जी काही थंडी वाट्याला येते, ती पोरं बसची वाट बघण्यात आणि प्रार्थनेच्या रांगेत संपवतात. दुपारी घरी येतात ती घामाघूम. खरी थंडी उपभोगायची तर रविवारी, नाही तर नाताळच्या सुट्टीत.

आणि नेमक्या त्याच वेळी आईबापांच्या मोबाइलवर याद्या यायला लागतात : थंडीत मुलांना घरात कसं रमवाल? पांघरुणाचा तंबू करा, खुर्च्या मांडून अडथळ्यांची शर्यत लावा, कागदाचे बर्फाचे फुलोरे कापा. जिथं दाराशी गुडघाभर बर्फ साचतो, तिथल्या आयांचा तो खरोखरचा प्रश्न आहे. आम्ही ती यादी जपून ठेवावी आणि आषाढात उघडावी. आमची पोरं घरात कोंडली जातात ती जून ते सप्टेंबर, अंगणाला शेवाळ धरतं तेव्हा. मे महिन्यात ऊन बाहेर फिरकू देत नाही. राहता राहिले हे दोन-अडीच महिने. त्यातही पोरांना आत बसवून कागद कापायला लावणं म्हणजे गणेशचतुर्थीला उपास धरण्याचा प्रकार.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी कुळागरातली एक गळलेली झावळ पुरते. पोफळीच्या झावळीचं बुंध्याकडचं रुंद टोक, म्हणजे विरी. एकानं तिच्यावर मांडी ठोकून बसायचं, दुसऱ्यानं पात्याकडचं टोक धरून ओढत पळायचं. दंवानं ओल्या गवतावर ती अशी सुसाट सरकते की वळणावर बसणारा हमखास लोळतो. एरवी बसायला भांडणं आणि ओढायला कोणी नाही, अशी परिस्थिती असते. थंडीच्या सकाळी मात्र ओढायलाही रांग लागते, कारण ऊब ओढणाऱ्याला मिळते. अंगणाला एक फेरी झाली की स्वेटर कुंपणावर जातो. तो जाऊ द्यावा. घामानं भिजलेला स्वेटर अंगात ठेवण्यापेक्षा तो काढलेला बरा.

भात कापलेल्या शेतात क्रिकेट असतंच. वायंगण, म्हणजे भाताचं दुसरं, उन्हाळी पीक करणाऱ्या गावांत मात्र ऐन रंगात आलेल्या पिचवर एक दिवस पाणी सोडलं जातं आणि सगळा संघ देवळाच्या पटांगणात स्थलांतर करतो.

शेकोटीचं काम तर पोरांवरच सोपवावं. फणसाचा, आंब्याचा पाचोळा झाडून आणायचा म्हणजे अर्धा तास वाकणं-उठणं आलं, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही म्हणून ते होतं. राखेत कणगां, म्हणजे कंद, खुपसायची, ती शिजली की नाही हे दर दोन मिनिटांनी काठीनं टोचून बघायचं. एवढंच, की नायलॉनची जाकिटं त्या वेळी लांब ठेवावीत. ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटतात. मोठ्यांनी लक्ष ठेवायच्या निमित्तानं शेकत बसावं. थंडी त्यांनाच तर वाजत असते.

सर्दी थंडीनं होत नाही, ती विषाणूंनी होते आणि बंद खोलीत दाटीनं बसलेल्यांत जास्त पसरते. हे आजीला सांगायचं धाडस आमच्या घरात अजून कोणी केलेलं नाही.

डिसेंबरच्या अखेरीस पोरांना काही सुचवावंच लागत नाही. कुणाच्या तरी बाबांची जुनी पँट, कुणाचा शर्ट, आत ठासून भरलेलं गवत. झाला 'ओल्ड मॅन' तयार. तो रस्त्याकडेला बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करायचे आणि ३१ तारखेच्या मध्यरात्री त्याला जाळायचं. वाहनं अडवतात म्हणून मोठे कुरकुरतात, पण शर्ट देणारेही तेच असतात.

पौषात बायकांचे धालो, म्हणजे रात्रीची फेर धरून गायची लोकनृत्यं, सुरू झाले की मांडावर, म्हणजे त्या नाचाच्या जागेवर, लुडबुडत पोरं मध्यरात्रीपर्यंत जागी. पेडण्याकडे दशावतारी नाटकं. चादर गुंडाळून पुढच्या रांगेत बसलेली पोरं राजाच्या दरबारात गाढ झोपतात आणि राक्षसाची आरोळी आली की ताडकन उठतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडी असतानाच, अंगणात काठ्या घेऊन सगळा खेळ नव्यानं उभा राहतो. संकासुर, म्हणजे विष्णूच्या हातून मरणारा नाटकातला काळा राक्षस, व्हायला सगळेच तयार. काळं तोंड करायला चुलीतला कोळसाही कोणीतरी आणलेला असतो. विष्णू मात्र कोणालाच व्हायचं नसतं. ते काम सगळ्यांत धाकट्याच्या गळ्यात पडतं, आणि तोही लगेच तयार होत नाही : शेवटी संकासुरानं खरंच मरायला पाहिजे, पळून जायचं नाही, हे आधी सगळ्यांकडून कबूल करून घेतो.