ब्रेकचं काम झालं आणि एबीएसचा दिवा लागला

पुढचे पॅड आणि डिस्क बदलून गाडी घेतली, चावी फिरवली तेव्हा सगळं ठीक, पण जरा वेग घेतला आणि एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला, पाठोपाठ ट्रॅक्शन कंट्रोलचा (वेग घेताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) पण. ब्रेक नेहमीसारखेच लागत होते. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय, नवीन टाका. मला नाही पटलं, सकाळपर्यंत नीट चाललेला सेन्सर नेमका पॅड बदलतानाच कसा जाईल? कामानंतर लगेच दिवा लागला तर आधी जिथे हात लागलाय तिथेच बघायचं.

दिवा कधी लागतो हेही बघा. चावी फिरवल्यापासून विझतच नसेल तर बहुतेक वेळा वायर तुटलेली असते नाहीतर कनेक्टर सुटलेला असतो. माझ्यासारखा गाडी हलल्यावर लागत असेल तर वायर शाबूत असू शकते, पण चाकाचा सिग्नल नीट पोचत नाहीये.

माझ्याकडचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीतले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) म्हणाला एकही फॉल्ट नाही! असे बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात आणि ते वाचणारा स्कॅनर वेगळा घ्यावा लागतो. मित्राकडून तसा आणला, कोड आला पुढच्या डाव्या चाकाचा. पण कोड म्हणजे सेन्सर खराब असं नाही, त्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे एवढंच. म्हणून मित्राला शेजारी बसवून लाइव्ह डेटा (गाडी चालताना प्रत्येक चाकाचा वेग) बघायला सांगितला, तीन चाकं २० दाखवत होती आणि चौथं मधेच शून्यावर जात होतं.

चाक काढलं. जुनी डिस्क गंजून हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) चिकटली होती, ती हातोड्याने ठोकून काढलेली, आणि तो गंजाचा चुरा सेन्सरच्या टोकाला चिकटून बसला होता. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते, तिच्यावरूनच सेन्सर वेग मोजतो, लोखंडाचा कीस तिला पटकन धरतो आणि सिग्नल बिघडतो. एक बोल्ट काढून सेन्सर हळूच ओढला (गंजलेला असेल तर जोर करू नका, तुटतो), टोक आणि रिंग स्वच्छ कपड्याने पुसली. रिंगला वायर ब्रश लावायचा नाही आणि चुंबक जवळ न्यायचं नाही. कोड क्लिअर केला, चक्कर मारली, दिवे परत लागले नाहीत.

ब्रेकच्या लाल दिव्याचं मात्र वेगळं आहे. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे ते लगेच बघा. नवीन जाड पॅड टाकले की पिस्टन मागे जातो आणि टाकीतली पातळी वाढते, त्यामुळे कामानंतर ती कमी दिसली तर कुठेतरी गळती आहे किंवा ब्लीडिंगनंतर (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्यावर) ऑइल भरायचं राहिलंय. पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवूच नका. लाल आणि एबीएसचा असे दोन्ही दिवे एकत्र लागले तरीही नाही, कारण तेव्हा ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) पण बंद असू शकतं आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते, हे खरंच जिवावर बेतणारं आहे.

चाक काढलंच होतं म्हणून अजून एक दिसलं, सेन्सरची वायर क्लिपमधून सुटून लोंबत होती, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायरला घासत होती. ती क्लिपमध्ये बसवली, आणि चाक लावून स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघितलं.