तुम्ही विचारलंत म्हणून: रेंज नाही तिथे ऑनलाइन कशाला?

लग्नात पंगतीला बसले की, एसटी स्टँडवर भेटले की, पालक हमखास विचारतात, "मॅडम, आमच्या वाडीत धड फोन लागत नाही, नि तुम्ही ऑनलाइन काय शिकवता? पोरांना वर्गात बसवा की सरळ!" मी गुहागर तालुक्यात मुक्त शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक आहे, अकाउंट्स शिकवते. प्रश्न रास्त आहे. पण उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

वर्गात बसवा म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भरलेला वर्ग असतो. माझा वर्ग पुरता भरलाय असं सहसा होत नाही. दाभोळच्या अंगाची मुलं फेरीबोटीने धोपाव्याला उतरतात. हवा बिघडून बोट बंद राहिली, तर खेड-चिपळूणवरून भलामोठा वळसा. त्यात दिवस जातो आणि भाडं जातं ते वेगळंच. संपर्कसत्र, म्हणजे केंद्रावरचा प्रत्यक्ष वर्ग, रविवारचं, आणि शाळांना सुट्टी म्हणून एसटीच्या फेऱ्याही रविवारीच कमी. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला घरातला हरेक हात लागतो, तेव्हा 'लेक्चर आहे' म्हणून उठून जाणारी सून मी तरी पाहिलेली नाही.

माझा एक विद्यार्थी ट्रॉलरवर खलाशी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते; तेवढ्या काळात तो सगळ्यांच्या पुढे. ऑगस्ट लागला की बोटीवर. एकदा गेला की काही दिवस बाहेरच, आणि किनारा लांब पडला की फोन नुसता घड्याळ बघायला. याला वर्गात बसवायचं कधी, हे कुणी मला सांगावं.

आता तुमच्या शंकेचं मूळ. ते 2020 मध्ये आहे. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. त्यातच शाळा-कॉलेजं 'ऑनलाइन' झाली. मुलं छत्री धरून सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी माळावर, रेंज शोधत फिरली. तेव्हापासून ऑनलाइन म्हणजे ठरल्या वेळी कॅमेऱ्यापुढे भरलेला वर्ग, ही समजूत बसली ती बसलीच. खरं तर वर्गाची सगळी गैरसोय त्यात जशीच्या तशी राहते. वेळ तीच, हजेरी तीच. पूर्वी एसटी चुकायची, आता रेंज जाते. अशा ऑनलाइनवर तुमचा राग असेल, तर माझाही आहे.

ज्याने अडसर खरोखर कमी होतो ते फार साधं असतं. तासाभराचा व्हिडिओ काही शे एमबी सहज खातो. तेच बोलणं नुसत्या आवाजात, 32 केबीपीएसवर साठवलं की साधारण 14 एमबीत मावतं. जेटीवर रेंज असते तिथे उभ्या उभ्या फोनवर उतरवून घ्यायचं, मग बोटीवर ऐका नाहीतर पेट्या भरताना ऐका. आकडेमोड आवाजात सांगता येत नाही, म्हणून सोबत सोडवलेल्या उदाहरणांची दोन-तीन पानं. आमचा खलाशी घसाऱ्याचं (वापराने वस्तूची किंमत घटते, तिचा हिशेब) प्रकरण असंच शिकला आणि परत आल्यावर त्याने मला बोटीच्या इंजिनाचा घसारा विचारला. तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, पैज लागली होती म्हणे.

मोठ्या मंडळींनीही हे ओळखलेलं आहे. आयआयटी आणि आयआयएससी मिळून चालवतात तो ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एनपीटीईएल प्रकल्प 2003 चा. त्याचे अभ्यासक्रम आता 2017 मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर असतात. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क. मला त्यातला एक नियम फार आवडतो: बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठच असाइनमेंट धरतात, उरलेल्या चार सोडून देतात. पावसात आठवडाभर लाइट गेली, तर मुलाला अर्ज-विनंत्या करत बसावं लागत नाही. ज्याने हा नियम केला त्याने कोकणातला जुलै पाहिला नसेलही, पण सोय आमची झाली.

दुसरी एक मुलगी, नजर जवळजवळ गेलेली. फोनवरचं टॉकबॅक तिला वाचून दाखवतं. पण आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरणाऱ्या मराठी नोट्स जुन्या डीटीपी फॉन्टातल्या. दिसायला अक्षर मराठी, आत साठवलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं. टॉकबॅक ते वाचायला लागलं की मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. स्कॅन केलेली पानं तर मुकीच, कारण ती नुसती चित्रं. शेवटी वर्गातल्या चौघींनी नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला खरंच मराठी म्हणून कळतील अशा अक्षरांत, पुन्हा टाइप केल्या. तिच्यासाठी केलं, आणि फायदा झाला सगळ्यांचा: आता फोनवर 'तेरीज' (ट्रायल बॅलन्स) टाकलं की नेमकं पान पुढे येतं. सरकारी काय, खासगी काय, 'आमचं सगळं साहित्य ऑनलाइन आहे' असं कुणी सांगितलं की मी आधी तेच तपासते. फाइल उघडते, एक शब्द शोधून बघते. नाही सापडला तर ते ऑनलाइन काही उपयोगाचं नाही.

प्रश्न विचारण्याचंही तसंच. समोर तोंड न उघडणाऱ्या बाया रात्री भांडी आवरून ग्रुपवर आवाजात प्रश्न पाठवतात, आपल्या बोलीत, मागे पोर रडत असतं. (त्याच ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो येतात, त्याला इलाज नाही.)

हे सगळं खरं, तरी अडसर संपत नाहीत. परीक्षेला केंद्रावर यावंच लागतं, बोट असो वा नसो. प्रयोगशाळेतलं काम फोनवर होत नाही. सगळ्यांत नडतो तो फोनच. घरात एक असेल तर तो नवऱ्याबरोबर मुंबईला जातो, दोन असतील तर दुसरा मुलाकडे. मुलीची पाळी रात्री दहानंतर, तीही बॅटरी उरली असेल तर. ग्रामपंचायतीत इंटरनेट आलंय अशी गावं आहेत, पण बायकांना सवड होते तेव्हा कचेरीला कुलूप असतं. किल्ली वाचनालयाच्या माणसाकडे द्या, एवढंच मी ग्रामसभेत मागते. अजून ठराव झालेला नाही.

तेव्हा गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो, कपाटात पडलेला जुना फोन चार्जरसकट घेऊन या. स्क्रीनला तडा असला तरी चालेल. बॅटरी फुगलेला मात्र नको, तसले आमच्याकडे पुष्कळ आहेत.