पावसाळ्यातले स्फटिक: रोशेल सॉल्ट, युरिया आणि सायट्रिक ॲसिडची नोंद

मृग लागला तसं द्रावण आटवून स्फटिक वाढवणं मी पूर्ण बंद केलं. वेंगुर्ल्यात आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की उघड्या बशीतलं युरियाचं द्रावण आटायचं सोडून वाढत जातं. त्याला कारण आहे. प्रत्येक पदार्थाची आर्द्रतेची एक मर्यादा असते. हवा तिच्यापेक्षा ओली झाली की कोरडा स्फटिकसुद्धा पाणी ओढून विरघळायला लागतो. ३० अंश सेल्सिअसला युरियाची मर्यादा ७२ ते ७५ टक्के, सायट्रिक ॲसिडची त्याच्या थोडी वर, साखरेची ८५ टक्क्यांच्या आसपास. आषाढात पडवीतला आर्द्रतामापक सकाळ-संध्याकाळ नव्वदीच्या घरात असतो. म्हणजे देशावरच्या मंडळींना जी बशी आठवड्याभरात स्फटिक देते, ती आमच्याकडे देणारच नाही. थर्माकोलची पेटी मागायला गेले तेव्हा मासेवाली मावशी म्हणालीच, "पावसात मीठसुद्धा पाणी सोडता!"

म्हणून यंदाचा पावसाळा हळूहळू थंड करण्याच्या पद्धतीला दिला आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हीच पद्धत धरावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आपल्याकडे आर्द्रता बेभरवशाची, पण तापमान मात्र शांत. पावसाळ्यात घरातला पारा रात्रंदिवस २६ ते ३० च्या मध्येच फिरतो. बरणी झाकून ठेवली की ओलाव्याचा प्रश्न मिटतो आणि ताबा फक्त तापमानावर ठेवायचा उरतो.

मावशीने दिलेली पेटी म्हणजे बर्फात मासे भरून येतात ती जाड थर्माकोलची. तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी, पाण्यात मत्स्यटाकीचा हीटर, आणि हीटरवर अंडी उबवण्याच्या पेटीला लावतात तो तापमान-नियंत्रक. हा नियंत्रक स्वस्त असतो, दशांश अंशापर्यंत दाखवतो आणि ३० ते ४० अंशांच्या टप्प्यात उत्तम चालतो. हीटरची स्वतःची मर्यादा बहुधा ३४ अंशांची असते, म्हणून मी ३४ वरून सुरुवात करून २९ पर्यंत उतरते, रोज पाव ते अर्धा अंश. द्रावणाची बरणी झाकण लावून या पाण्यात उभी. वीज गेली तरी एवढ्या पाण्याचं तापमान चटकन उतरत नाही, आणि आमच्याकडे वादळी पावसात वीज जातेच. पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा गळती झाल्यास वीज तोडणारं उपकरण लावल्याशिवाय हे करू नका.

आता रोशेल सॉल्ट, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेट. घरी करणं सोपं आहे: बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं क्रीम ऑफ टार्टर गरम पाण्यात कालवून त्यात खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालायचा. १०० ग्रॅमला साधारण ४५ ग्रॅम सोडा लागतो. फेस थांबला आणि द्रावण निवळलं की गाळून घ्यायचं. सगळं हिशोबाने झालं तर १०० ग्रॅममधून १५० ग्रॅमपर्यंत रोशेल सॉल्ट मिळू शकतं, कारण स्फटिक बनताना प्रत्येक एककासोबत पाण्याचे चार रेणू आत घेतो. थंड करण्याच्या पद्धतीला हा पदार्थ फार चांगला: १०० मिलिलिटर पाण्यात ० अंशाला २६ ग्रॅम विरघळतं, तर २६ अंशाला ६६ ग्रॅम. थोडं तापमान उतरवलं की भरपूर माल बाहेर यायला तयार असतो.

तयार असतो, पण लगेच येत नाही, आणि आपला सगळा खेळ याच फटीत आहे. ज्या तापमानाला द्रावणात आणखी माल मावत नाही, ते त्याचं संपृक्ततेचं तापमान. त्याच्या खाली एक पट्टा असतो, ज्यात द्रावणात जास्तीचा माल असूनही नवा कण आपणहून जन्मत नाही, मात्र आधीच टांगलेलं बी, म्हणजे वाढवायला घेतलेला छोटा स्फटिक, वाढत राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री मायर्स आणि फ्लोरेन्स आयझॅक यांनी हा पट्टा मोजून दाखवला. पट्ट्याच्या आत राहिलं तर एकच मोठा, नितळ स्फटिक मिळतो. खाली घसरलं की बरणीच्या तळाशी चुऱ्याचा थर बसतो आणि सगळा माल तोच खाऊन टाकतो. सेंद्रिय रेणूंच्या बाबतीत घाई अजिबात चालत नाही. मिठातला सोडियमचा आयन कोणत्याही अंगाने आला तरी जागेवर बसतो. टार्टरेटच्या रेणूला नेमक्या दिशेने, नेमकं वळून, हायड्रोजन बंध जुळवून बसावं लागतं. त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो. थंडी वेगाने लादली की तो चुकीचा बसतो, आणि आत दुधी पट्टे व द्रावणाचे बुडबुडे अडकतात.

बी टांगायला तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरते, अगदी बारीक. सुती दोऱ्याच्या तंतूंवर नको तितके कण जन्मतात. टांगण्याआधी दोन गोष्टी केल्याने माझ्या बरण्यांमध्ये सर्वांत जास्त फरक पडला. पहिली, द्रावण संपृक्ततेच्या तापमानापेक्षा आठ-दहा अंश वर नेऊन काही तास तसंच ठेवणं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कणही विरघळतात. दुसरी, बी पाण्यात क्षणभर बुचकळून त्याच्या अंगावरची धूळ धुऊन टाकणं. हे केल्यापासून तळाशी चुरा जवळपास बसतच नाही.

द्रावण नेमकं कोणत्या तापमानाला संपृक्त आहे, हे तक्त्यावरून ठरवू नका, बियालाच विचारा. काळोखात बरणीच्या एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाका आणि दुसऱ्या बाजूने बियाभोवती बघा. बी विरघळत असेल तर त्याच्यापासून सुटणारं जड द्रावण खाली उतरतं आणि पाण्यात थरथरत्या रेषा खाली जाताना दिसतात. बी वाढत असेल तर त्याच्याजवळचं द्रावण माल देऊन हलकं होतं आणि रेषा वर चढतात. रेषा थांबल्या, तेच संपृक्ततेचं तापमान. सध्याच्या बरणीत ते ३३ च्या थोडं वर निघालं. मग त्याच द्रावणाची परीक्षानळी ढवळत थंड केली, तर पहिला ठिपका दिसायच्या आत पाच-सहा अंश खाली जाता आलं. स्थिर बरणीत आणखी वाव असावा, पण मी एका वेळी अर्ध्या अंशापलीकडे जात नाही. आत्ता बी अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठं झालं आहे, कडा स्वच्छ आहेत, फक्त तंगुसाच्या जागी एक धूसर रेघ आहे.

मोठा झाल्यावर याच स्फटिकाची पट्टी कापून दाबली की वीज मिळते का, ते बघायचं आहे. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाबातून वीज दाखवली, तेव्हा त्यांच्या पदार्थांत रोशेल सॉल्टही होतं.

युरियाचा प्रयोग आकारावर ताबा मिळवण्यासाठी आहे. शुद्ध युरिया पाण्यातून लांबच लांब सुया देतो. घरात शेताचा उरलेला युरिया होता, तो विरघळवून, गाळून, बंद बरणीत थंड केला तर सुया आखूड आणि जाड आल्या. खताच्या युरियात बाययुरेट असतं (खत नियंत्रण आदेशात त्याची कमाल मर्यादा दीड टक्का आहे) आणि ते सुयांची लांबी रोखतं, हे माहीत होतं. पण आपल्याकडच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेपही असतो, तेव्हा श्रेय कोणाचं ते एवढ्यावरून ठरेना. म्हणून कोल्हापूरहून प्रयोगशाळेच्या दर्जाचा युरिया आणि बाययुरेट वेगवेगळे मागवले. नुसत्या युरियाच्या सुयाच आल्या; त्याच द्रावणात दोन टक्के बाययुरेट घातल्यावर बुटक्या कांड्या. आता शंका नाही.

यामागची यंत्रणा मला फार सुंदर वाटते. युरियाचे दोन रेणू जोडले जाऊन मधला अमोनिया निघून गेला की बाययुरेट होतं. त्यामुळे सुईच्या टोकाला ते युरियासारखंच दिसतं, दोन रेणूंची जागा घेऊन बसतं, पण पुढच्या रेणूला धरायला लागणारे हायड्रोजन तिथे पुरे पडत नाहीत. टोकाची वाढ अडते, बाजू मात्र सावकाश भरत राहतात. स्वयंपाकघरात आपण हेच करतो: साखरांब्याच्या पाकात लिंबू पिळलं की थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते उरलेल्या साखरेच्या वाटेत येतात आणि पाक साखरत नाही. आपल्या रातांब्याच्या (कोकमाच्या) सालीतलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लही याच जातीचं अडवणारं आहे. मूतखड्यात असतं त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची वाढ ते रोखतं, इतकंच नाही तर विशिष्ट परिस्थितीत त्यांना विरघळवतंही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रयोगशाळेत दिसलं.

सायट्रिक ॲसिडबद्दल थोडक्यात. ३६.६ अंशाच्या खाली पाण्यातून येणाऱ्या स्फटिकात पाण्याचा एक रेणू असतो, वर आलेल्यात नसतो. म्हणून एक बरणी ३० अंशाला आणि दुसरी बल्बने तापवलेल्या कोरड्या पेटीत ४२ अंशाला ठेवली आहे. हे द्रावण पाकासारखं दाट होतं आणि कण लवकर जन्मत नाही, त्यामुळे दोन्हीकडे ज्याचं त्याचं बी टाकावं लागलं. हाताळताना एका बरणीची धूळ दुसरीत जाऊ देऊ नका. चमचे वेगळे, झाकणं वेगळी. कोणता कोणता ते वजनानेच कळेल: पाणी असलेला प्रकार चूर्ण करून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवून मग सावकाश तापवला की १० ग्रॅममागे सुमारे ०.८६ ग्रॅम घटायला हवा. ४२ अंशाच्या बरणीतला घटणार नाही. वजनं झाली की आकडे देईन.

थंडीसाठी पाश्चरचा प्रयोग राखून ठेवला आहे. १८४८ मध्ये त्याने सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे आणि उजवे, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले, स्फटिक हाताने वेगळे केले. हे वेगळे स्फटिक साधारण २७ अंशांच्या खालीच मिळतात. वर गेलं की दोन्ही रेणू एकाच स्फटिकात बसतात आणि वेचायला काही उरत नाही. पॅरिसच्या हवेत त्याला ही अडचण आली नाही. आमच्याकडे वैशाखात कपाटातली बरणीसुद्धा ३० च्या वर असते. त्यामुळे पौषात, पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो तेव्हा, हीच पेटी २२ अंशांवर धरून करणार. कोणाला सोबत करायचं असेल तर आत्तापासून डीएल टार्टरिक ॲसिड (ज्यात डावे आणि उजवे रेणू निम्मे-निम्मे असतात ते) शोधून ठेवा. दुकानात नेहमी मिळणारं टार्टरिक ॲसिड द्राक्षातलं, एकाच हाताचं असतं. त्यातून कितीही सुंदर स्फटिक आले तरी सगळे एकाच बाजूचे येतील.